सूर भरला की गाडी निघते

६ फेब्रुवारी, आल्टा

विमानतळाच्या दारातच माझी जुनी मैत्रीण बेरित हिने मला अशी मिठी मारली, की माझी टोपी खाली पडली. मागून तिचा नवरा टोरगेर आला. त्याने टोपी उचलली, बर्फ झटकला आणि माझ्या डोक्यावर उलटी बसवली. म्हणाला, मास्तरीणबाई, शाळा सुटली. आता आमच्याबरोबर उनाडायचं.

मला हसू आवरेना. इतकी वर्षं लोकांच्या मुलांना सूर लावायला शिकवलं आणि आता सत्तेचाळिसाव्या वर्षी स्वतः माइकपुढे उभी राहणार, तेही नाचाच्या बँडबरोबर! माझी लेक सिल्ये बर्गनला शिकायला गेल्यापासून घरात चमचा ठेवल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा. बँडची गायिका बाळंतपणासाठी थांबली, बेरितने मला फोन केला आणि विचार करायच्या आत मी हो म्हणून मोकळी झाले. लेकीला कळवलं तर ती म्हणाली, आई, तू आणि नाच? मग बराच वेळ हसत राहिली. तिचं असं हसणं ऐकून किती दिवस झाले होते.

गाडी पांढरी आहे, म्हणजे बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठाच्या पुटाखाली कधीतरी पांढरी असावी. मागचं दार दोरीने बांधलंय, रस्ता खराब लागला की ते धपधप आपटतं. मागच्या काचेला स्पीकरच्या पेट्या टेकलेल्या, त्यामुळे मागचं काही दिसत नाही. पुढे टोरगेर गाडी चालवतो, शेजारी बेरित. मागच्या बाकावर मी आणि बेरितचा धाकटा भाऊ आमुंड, आमच्या दोघांच्या मध्ये दुलया आणि कोटांचा हा एवढा ढीग, कारण हीटर मागपर्यंत पोचत नाही. टोरगेर अकॉर्डियन वाजवतो, बेरित बास गिटार, आमुंड फिडल, म्हणजे व्हायोलिन. आमुंड उंच आहे, काटकुळा आहे आणि कुठेही झोपू शकतो. वडिलांचा मासेमारीचा जुना कोट घालतो, त्याला अजून समुद्राचा वास येतो. त्याने खिडकीची जागा मला दिली. हळूच सांगितलं, टोरगेर उपाशी असला की अकॉर्डियन जोरात वाजवतो, तेव्हा त्याला आधी खायला घालायचं.

सगळ्यांत गंमत निघताना आली. टोरगेर माणसं मोजत नाही. तो खालचा षड्ज धरतो. बेरित त्यावर पंचम लावते. मग मागून आमुंडचा गंधार आणि शेवटी वरचा षड्ज, तो आता माझा. चारही सूर भरले की टोरगेर स्टिअरिंगवर थाप मारून म्हणतो, भरलं! आणि गाडी निघते. पूर्वी एकदा बेरितला हे दोघं पेट्रोल पंपावर विसरून निघून गेले होते, तेव्हापासूनची ही पद्धत. बेरित म्हणाली, नवरा आणि भाऊ, दोघांनाही माझी आठवण आली ती भूक लागल्यावर.

आमुंडचं म्हणणं, त्याच्या गंधाराशिवाय बाकीचे सूर म्हणजे रिकामा डबा. खरं आहे ते. षड्ज-पंचम कोरडेच असतात. गंधार लागला की कळतं, मन कुठे आहे.

९ फेब्रुवारी, नेस्बी

आज म्हाताऱ्यांचा दुपारचा नाच होता. गावच्या सभागृहात वाफल्सचा वास, ओले लोकरी मोजे, आणि दाराशी ओळीने लावलेल्या कुबड्या. पहिलं गाणं मी जरा घाईतच घेतलं. एका आजोबांनी मध्येच येऊन सांगितलं, की बाई, आवाज गोड आहे, पण जरा हळू घ्या, गुडघे नवीन बसवलेत. आमुंडने लगेच लय खाली आणली. त्याचं लक्ष नेहमी नाचणाऱ्यांच्या पायांकडे असतं.

येताना पंपावर तो सॉसेज घ्यायला उतरला आणि टोरगेरने मुद्दाम गाडी पुढे काढली. आमुंड दोन्ही हातांत सॉसेज धरून मागे पळतोय, हसतोय, शिव्या घालतोय. गाडी थोडी पुढे जाऊन थांबली. ही त्यांची जुनी मस्करी. तो मागचं दार धपधप बडवतो, मग टोरगेरला दया येते. आत आल्यावर आमुंड म्हणाला, मेव्हणा नाही, वैरी दिलाय मला बहिणीने.

रस्ता लांबचा होता. वेळ जाईना म्हणून मी सगळ्यांच्या सुरांच्या नकला केल्या. शाळेत मुलांना हसवायला करायचे तशा. आमुंडचा गंधार नाकातून येतो, थोडा झोपेतला, आणि लागला की हलकेच थरथरतो. मी तो लावला आणि बेरित हसून हसून रडायला लागली. म्हणाली, अगं, किती हुबेहूब! आमची आईसुद्धा फसली असती.

मी इथे सुखी आहे. लिहून ठेवते, म्हणजे विसरायला होणार नाही.

१३ फेब्रुवारी, सांडविका

आज दोघांचं वाजलं. आमुंड उशिरा उठला आणि सामान चढवायला टोरगेर एकटाच. शेवटी टोरगेर म्हणाला, की दर वेळी सगळ्यांनी तुझ्यासाठी थांबायचं, पुढच्या वेळी खरंच सोडून जाईन. मस्करीत नाही म्हणाला. आमुंडने फिडलची पेटी नेहमीपेक्षा हळू बंद केली.

मला भांडणं सोसत नाहीत. माझ्या संसारात मी हेच करत आले, कुणाचा आवाज चढायच्या आत काहीतरी करून झाकायचं. आमुंडला मी माझ्यातला ब्रेड दिला. तो म्हणाला, टोरगेरचं मनावर घेऊ नकोस, तो माझ्यावर माया करतो, फक्त त्याला ती नीट वाजवता येत नाही.

उद्या ग्रोफेल घाट.

१४ फेब्रुवारी, घाटापलीकडे

इथे तरी खरं लिहिते.

घाटाच्या तोंडाशी रस्ता अडवणारा अडसर आहे, तिथे पोचलो तेव्हा वारा सुटला होता. अशा हवेत घाटात एकट्याला सोडत नाहीत. पुढे बर्फ सारणारी गाडी जाते आणि मागून ओळीने बाकीच्या, कुणी थांबायचं नाही, कुणी वळायचं नाही. आम्ही ओळीत सर्वांत शेवटी. वाट बघून कंटाळलो, एकेक जण उतरून पाय मोकळे करून आला. मी शौचालयाच्या खोपटातून परत येऊन बसले, तेव्हा शेजारी ढीग होता. वर आमुंडचा कोट, पार डोक्यापर्यंत ओढल्यासारखा. सकाळपासून तो टोरगेरशी बोलत नव्हता. मला वाटलं, झोपला.

पुढचे दिवे हलले. टोरगेरने षड्ज धरला. बेरितने पंचम. मग काहीच नाही. टोरगेरने आरशात बघितलं. त्याच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. पुन्हा षड्ज, या वेळी जोरात. मला वाटलं, आता पुन्हा सुरू होणार. झोपू दे बिचाऱ्याला. मी मान खाली घातली आणि नाकातून, झोपेतला, थरथरता असा आमुंडचा गंधार लावला. मग मान वर करून माझा षड्ज.

टोरगेर म्हणाला, भरलं.

निघताना मागच्या दारावर धपधप झालं. ते दार नेहमीच आपटतं.

अर्ध्या घाटात मी कोट नीट करायला हात घातला. आत दुलई होती. त्याखाली दुसरी दुलई. त्याचा फोन पुढे चार्जिंगला लावलेला, त्याचा छोटा हिरवा दिवा दिसत होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. बाहेर काहीच दिसत नव्हतं, नुसतं पांढरं. थांबता येत नव्हतं, पण मदतीसाठी फोन तर करता आला असता. मी स्वतःला सांगितलं, तो खोपटात उबेला बसलाय, पुढच्या ताफ्याबरोबर कुणाच्या तरी गाडीतून येईल, शिव्या घालत येईल आणि मग ही गोष्ट तोच सगळ्यांत छान रंगवून सांगेल. मी गप्प बसले. ओठ मिटून, हात मांडीवर ठेवून, शहाण्या मुलीसारखी.

घाट उतरल्यावर बेरितने तपकिरी चीजचा ब्रेड करून मागे दिला, आमुंडसाठी. मग कोट ओढला.

टोरगेर पुन्हापुन्हा म्हणत होता, पण मी त्याचा आवाज ऐकला. माझ्या या कानांनी ऐकला. त्याने माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, मलाही ऐकू आला.

घाट बंद केलाय. माणसं शोधायला निघालीत. बेरित खिडकीशी उभी आहे.

१५ फेब्रुवारी

सापडला. खोपटात नव्हता. अडसराच्या बराच पुढे, रस्त्याच्या कडेच्या खुणेच्या काठीला धरून बसलेला. आमच्या मागे पळत आला होता. त्याला वाटलं असणार, थोडी पुढे जाऊन थांबेल.

२४ फेब्रुवारी, दफनानंतर

चर्चमध्ये फिडल शवपेटीवर ठेवलं होतं. टोरगेर मागच्या रांगेत बसला, घरच्या माणसांबरोबर नाही. मी सोडून जाईन म्हणालो होतो, एवढंच तो बोलतो. त्याला वाटतं, निघायची इतकी घाई होती, की त्याच्या कानांनी नसलेला सूर बनवून दिला. आपलं डोकं फिरलंय असं त्याला वाटतं. बेरित त्याला दोष देत नाही, पण त्याने हात पुढे केला की तिचा हात आपोआप मागे जातो.

नंतर स्वयंपाकघरात कप विसळताना तिने मला जवळ घेतलं. म्हणाली, बरं झालं, तुलाही ऐकू आला. नाहीतर मी टोरगेरला वेडा समजले असते. मला वाटतं, तो निरोप घ्यायला आला होता गं. बर्फात होता, पण सूर आमच्यात येऊन लावून गेला.

आता हे मी तिच्याकडून कसं काढून घेऊ?

असं मी म्हणते. खरं म्हणजे मला भीती वाटते, ती मला सोडेल याची.

१२ एप्रिल, पुन्हा आल्टा

बेरितचा फोन आला होता. जे नाच राहिलेत ते करायचेत, शेवटचा घाटापलीकडच्या गावात, जिथे तेव्हा पोचूनही वाजवता आलं नाही. मग गाडी विकायची. सिल्ये म्हणाली, नको जाऊ, आई, तुझा चेहरा बघ. मी आलेय, कारण या वेळी सांगणार आहे.

टोरगेर वाळलाय. गाडी थांबली की तो आता खिडकीची काच खाली ठेवतो, कितीही गारठा असो. कुणी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून, असं बेरितने सांगितलं, त्याच्या मागे. तो मला मास्तरीणबाई म्हणाला नाही.

मागच्या बाकावर ढीग तसाच आहे. वर तो कोट. बेरितला तो घरी ठेववत नाही.

१३ एप्रिल, नेस्बी

सकाळी टोरगेरने गाडी सुरू केली, सूर न धरता. बेरित म्हणाली, नाही, धर. आपण आहोत तेवढे तरी भरू. त्याने धरला. आवाज फाटत होता. तिने पंचम लावला. मग आम्ही तिघंही थांबलो, थोडी जागा ठेवायला, जशी जेवणाच्या टेबलावर ठेवतात.

आणि गंधार लागला.

नाकातून, झोपेतला, थरथरता. माझ्या शेजारून. पण अर्धा सूर खाली. कोमल. सगळा मेळ एकदम उदास झाला.

बेरित वळली. डोळे भरलेले, आणि ती हसत होती. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाली, थँक यू गं, त्याच्यासाठी लावलास.

मी लावला नव्हता.

मी म्हणाले, काही नाही गं, त्यात काय.

१४ एप्रिल

आजही. माझे ओठ मिटलेले होते. मी हात लावून बघितले.

टोरगेर आरशातून बघत होता. माझ्याकडे. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हीटर मागे पोचत नाही, हे माहीत आहे. पण कोट ओला आहे. खालची दुलई ओली आहे. बाकावर पाणी साचतं, बर्फ वितळल्यावर साचतं तसं. मी रुमालाने पुसते. कुणाला दिसू नये म्हणून पुसते.

१५ एप्रिल

जेवताना बेरितने मध्येच विचारलं, की फेब्रुवारीत नक्कल करून दाखवली होतीस, तशी एकदा करशील का, टेबलाशी, तिच्यासमोर. आवाज अगदी साधा होता तिचा. मी म्हणाले, घसा बसलाय.

ती म्हणाली, सकाळी तर लागला होता.

मग काटा खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी आठवत असल्यासारखी.

टोरगेरने ताट पुढे सारलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

सांग. सांग ना. तो माणूस वेडा होतोय, आणि तू घसा बसलाय म्हणतेस.

१६ एप्रिल

गाडी चालू असताना दार आपटतं. आज गाडी उभी होती.

धपधप. मग थांबून, धपधप.

टोरगेर उतरला, धावत मागे गेला. दोरी नीट बांधलेली. परत येऊन स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. म्हणाला, मला बरं नाही, बेरित. मला कुठेतरी दाखव.

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. शेजारून ढीग माझ्यावर कलला, जसं झोपलेलं माणूस कलतं—

उद्या. घाटाच्या आधी.

१७ एप्रिल, अडसराशी

इथेच. पुन्हा वारा. पुन्हा ओळीत शेवटी.

खोपटात बसून लिहितेय. उतरले ते कुणाच्या लक्षात आलं नसावं. बेरित हल्ली मागे वळत नाही. वही तेवढी स्वेटरखाली होती. कोट बाकावरच राहिला, टोपीही. फोन पुढे चार्जिंगला.

खिडकीतून गाडी दिसते. टोरगेरची काच खाली आहे.

वाक्य ठरवलंय. आधी लिहिते, मग जाऊन तसंच म्हणते. बेरित, त्या दिवशी आमुंडचा सूर मी लावला. टोरगेर, तुझे कान खोटं बोलले नाहीत, तो आवाज माझा होता. अर्ध्या घाटात मला कळलं होतं. मी गप्प बसले.

लिहिलं. लिहिता आलं म्हणजे बोलताही येईल. नाही सोडणार मी आता. ती मला हाकलून देऊ दे, पण टोरगेरला तरी—

पुढचे दिवे हलले. जाते.

दार उघडत नाही. बाहेरून बर्फ चढलाय, की— ढकलतेय. हाक मारली. वारा खूप आहे. थांबतील. टोरगेरने षड्ज धरलाय, ऐकू येतो. माझ्याशिवाय भरत नाही.

बेरितचा पंचम.

गंधार. कोमल.

आता माझी जागा. आता रिकामं ऐकून तो वळेल, बघेल आणि—

कुणीतरी लावला.

वरचा षड्ज. माझा आवाज. मुलांना देते तसा, खालून हलकेच उचलून. हुबेहूब—

बाकावर माझा कोट आहे. वर टोपी. त्यांना वाटेल, झोपले—

भांडण नको म्हणून. मला सांगावं लागू नये म्हणून. माझ्यासाठी करतोय तो. मी त्याच्यासाठी केलं, अगदी तस—

नको रे. आमुंड, नको, मला सांगायचंय, मला—

काच वर जातेय. ऐकू येत नाही आता. ओठ दिसतात. टोरगेर म्हणाला, भर—